नामपूरच्या वाटेवर

नामपूरला जायला काहीतरी कारण लागते. देवीच्या ओढीने माणसे वणीच्या गडावर जातात, किल्ल्यांच्या नादाने साल्हेर-मुल्हेरला जातात, जैन यात्रेकरू मांगी-तुंगीच्या पायऱ्या चढतात. नामपूर या साऱ्यांच्या आसपास असूनही तिथे मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी वसलेले हे बाजाराचे गाव. मोसम वर मुल्हेरच्या डोंगरांतून येते, हरणबारीच्या धरणात थोडी विसावते आणि नामपूरवरून पुढे मालेगावाकडे जाऊन गिरणेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते.

मला कारण मिळाले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मराठी घेऊन तो बी. ए. झाला, दोन वर्षे नोकरी शोधली आणि मग शहाण्यासारखा गावी परत जाऊन शेती करू लागला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि ‘मॅडम, एकदा गावाकडे या’ हे त्याचे शेवटचे वाक्य ठरलेले असते. यंदा मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाले आणि मी खरेच निघाले. मनात दुसराही एक हेतू होता. मोबाइलने माणसे बिघडली की सुधारली, या विषयावर आमच्या स्टाफरूममध्ये रोज दुपारच्या चहाबरोबर परिसंवाद होतो. त्यात भाग घेणारे आम्ही सारे शहरातले. गावात, जिथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, तिथे या यंत्राने काय केले असेल, हे आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नव्हते.

नाशिकहून चांदवड, देवळा, सटाणा असा रस्ता. बायकांना २०२३ पासून एस. टी.चे अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून गाडीत बायकांचेच राज्य असते. पूर्वी एस. टी.त बसले की पाच मिनिटांत शेजारणीचे माहेर, सासर आणि दुखणी कळत. हल्ली ज्याच्यात्याच्या हातातले यंत्र निराळे गाणे म्हणत असते आणि कंडक्टर बिचारा त्या सगळ्यांच्या वर आवाज काढून ‘पुढं सरका’ म्हणत असतो. तरी सटाण्याच्या अलीकडे माझ्या शेजारच्या म्हातारीला राहवले नाही. तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, ‘कोनता गावनी शे माय?’

बागलाणात शिरल्याची ती खूण. ‘तुमचे नाव काय’ हे इथे फार उशिरा विचारतात. आधी गाव, मग कोणाची कोण. लहान पोराला सुद्धा ‘कोना आंडोर शे रे तू?’ म्हणजे ‘तू कोणाचा मुलगा?’ असाच प्रश्न येतो. माणूस कोण, यापेक्षा तो कोणाचा, हे कळले की गावाचे समाधान होते. शहरातून येणाऱ्याला हा आगाऊपणा वाटतो. मलाही पहिल्या दिवशी थोडा वाटला.

सटाण्यात गाडी बदलायची होती, तेवढ्यात देवमामलेदारांचे मंदिर पाहून घेतले. यशवंतराव महादेव भोसेकर हे इंग्रजी अमलातले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला आणि साहेब तपासणीला आला तेव्हा खजिना पुरता भरलेला निघाला, अशी कथा. सरकारी खजिना वाटणारा अधिकारी लोकांनी देव मानावा यात नवल नाही. अशी माणसे दुर्मिळच. मला मौज वाटली ती या कथेच्या प्रवासाची. ना तार, ना छापील पत्रक. एका तोंडून दुसऱ्या तोंडी, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जात जात एका मामलेदाराचा देव झाला. तोंडोतोंडीची ताकद एवढी असते. ती नेहमी देवच घडवते असे नाही, हे मात्र मला दोन दिवसांनी याच मुलखात फार जवळून दिसायचे होते.

नामपुरात उतरले ती थेट बाजार समितीच्या आवाराशीच. विद्यार्थी घ्यायला आला होता, त्याचे वडील कांद्याची गाडी लावून रांगेत उभे होते. या भागात वडीलधाऱ्या माणसाला आदराने जिभाऊ म्हणतात. मीही त्यांना तेच म्हणू लागले आणि त्यांनी मला ताई केले. सातबारावर नोंद व्हावी तसे ते नाते त्या क्षणी पक्के झाले.

कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा अवश्य पाहावा. पिकअप आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी येतो, कोणी कांदा हातात घेऊन दाबून पाहतो, कोणी वरचा थर उकरतो, बोली सुरू होते आणि मिनिटाच्या आत चार महिन्यांच्या मेहनतीचा भाव ठरून घोळका पुढच्या गाडीकडे सरकलेला असतो. शेतकरी तोंडातून शब्द काढत नाही. त्याचे सगळे लक्ष आकडा पुकारणाऱ्याच्या ओठांकडे. भाव ठरला म्हणजे सुटला असेही नाही. गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होताना आतला माल वरच्यासारखा नाही असे वाटले, की व्यापारी ‘वांधा’ काढतो. वांधा हा इथला धंद्यातला शब्द. मग भाव कमी करायचा की गाडी परत भरायची, यावर घासाघीस. जिभाऊंच्या गाडीवर त्या दिवशी वांधा निघाला नाही, म्हणून घरी जाताना त्यांनी जिलेबी घेतली.

या आवारात मोबाइलने केलेला फरक सगळ्यांत आधी दिसतो. ‘पूर्वी लासलगावचा भाव आम्हाला रेडिओवर कळायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात,’ जिभाऊ सांगत होते. ‘तोवर माल विकून गडी घरी झोपलेला असायचा.’ आता लासलगावला पहिली गाडी पुकारली की दहा मिनिटांत नामपूरच्या रांगेत आकडा हजर. रांगेतला एखादा गडी आकडा ऐकून गाडी वळवतो आणि करंजाडच्या उपबाजाराची किंवा उमराण्याची वाट धरतो. व्यापाऱ्याला जे कळते ते शेतकऱ्याला त्याच घटकेला कळते, ही गोष्ट लहान नाही. ज्ञान म्हणजे काय यावर आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो. मला ते इथे रुपये-क्विंटलमध्ये दिसले.

गाऱ्हाणेही आता असेच फिरते. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले आणि त्याने ते मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवून दिले. ती पावती देशभर घरोघर पोचली. एरवी एका गावच्या एका बाजारातली हळहळ संध्याकाळपर्यंत विरून गेली असती. पण उलट दिशेची वाहतूकही होतेच. कांदा महागला की शहरात विनोदांची लाट येते: कांद्याचे दागिने, कांद्याचे मंगळसूत्र, तिजोरीतला कांदा. हे विनोद आपण सारेच एकमेकांना पाठवतो. ते नामपूरलाही पोचतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. जिभाऊंनी त्यांच्या फोनवर जपून ठेवलेला असा एक विनोद मला दाखवला. तो आला होता त्यांच्या पुण्यातल्या भाच्याकडून, २०२३ च्या अखेरीस. त्या वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले होते, डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली आणि चाळीतल्या कांद्याला गिऱ्हाईक राहिले नाही. बंदी उठली मे २०२४ मध्ये, शुल्क पुरते गेले एप्रिल २०२५ मध्ये. ‘भाचा गुणी आहे,’ जिभाऊ म्हणाले. ‘त्याला राग धरून नाही ठेवला मी. पण उत्तर काय लिहावं ते अजून सुचलं नाही.’

संध्याकाळी ओट्यावर बसलो. कळण्याची भाकरी, ठेचा, वर कांदा आणि बाजारातली जिलेबी असे जेवण झाले. घरात चार फोन. गावाच्या ग्रुपवर गावातली बहुतेक घरे आहेत आणि तिथे दिवसभर जे चालते ते मी तासभर वाचले. कोणाची गाय सुटली. कोणाच्या वडिलांचा दशक्रिया विधी कुठे आहे. वीज किती वाजता येणार. मालेगावच्या दवाखान्यात अमुक गटाचे रक्त हवे. त्याखाली दहा मिनिटांत तीन नावे. नाशिक, पुणे, सुरतेला नोकरीला गेलेली मुलेही यात आहेत. गावात राहत नसलेला माणूस गावचाच राहतो, ही मला मोठी गोड गोष्ट वाटली. सुरतेच्या खोलीत एकटा जेवणारा पोरगा गावच्या मारुतीच्या आरतीला रोज हात जोडतो.

पण गावाचा ग्रुप एकच नाही, हे नंतर कळले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकाचे दोन झाले. मग भावकीचे वेगळे, जातीचे वेगळे, तरुण मंडळांचे वेगळे. एकाच गल्लीतले दोन शेजारी, एकाच नळावर पाणी भरणारे, रात्री आपापल्या ग्रुपवर एकमेकांबद्दल जे लिहितात ते तोंडावर बोलण्याची दोघांचीही छाती नाही. कोणीतरी एका ग्रुपवरचे बोलणे उचलून दुसऱ्यावर टाकतो आणि सकाळी नळावर अबोला. ‘पारावर भांडण झालं तर तिसरा माणूस उभा असायचा,’ जिभाऊ म्हणाले. ‘तो म्हणायचा, बस करा आता, गुरं धुवायचीत. इथं मधे उभं राहायला जागाच नाही.’ माझ्या विद्यार्थ्याला हे पटले नाही. पारावर बायकांना आणि वस्तीवरच्या माणसांना बोलायला तरी कुठे जागा होती, असे त्याचे म्हणणे. त्याची बहीण आता बचत गटाच्या ग्रुपवर हिशेब मागते आणि मोठमोठ्यांना उत्तर द्यावे लागते. पाराची आठवण काढताना आपण त्यावर कोण बसत असे हे विसरतो, हे त्याचे बोलणे मला बरोबर वाटले.

बापलेकांचा हा वाद चालू होता तेवढ्यात आतून आजींच्या हसण्याचा आवाज आला. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी अधू. नातीने त्यांच्या कानाशी फोन धरला होता आणि त्यावर अहिराणीतला एक विनोदी प्रसंग चालला होता. सासू-सुनेचे भांडण, साधेच. पण आजी मला हाताने बोलावून सांगू लागल्या, ‘हाई ते आपलीच बोली शे ना!’

त्यांच्या आनंदाचे मोल मला कळू शकत होते, कारण याच बोलीची लाज मी वर्गात पाहिली आहे. बागलाण, कळवण, धुळे, साक्री इकडून शिकायला आलेली मुले पहिले सहा महिने तोंड उघडत नसत. उघडले आणि ‘आहे’च्या जागी ‘शे’ गेला, तर मागच्या बाकांवर खसखस पिके. आज तीच बोली यूट्यूबवर ऐटीत फिरते. अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा ऐकली जातात आणि पुण्या-मुंबईच्या लग्नांत, अर्थ न कळता, वरात त्यांच्यावर नाचते. शेजारच्या मालेगावात हौशी मंडळींनी फुटकळ सामग्रीवर चित्रपट काढण्याची परंपरा जुनी. नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, त्या मंडळींवर पुढे माहितीपट आणि मोठा चित्रपटही निघाला. व्हिडिओ पार्लरांचे दिवस सरल्यावर तिथल्या हौशी मंडळींना मोबाइलवरच प्रेक्षक मिळाला. या गाण्यांत आणि विनोदांत उथळ पुष्कळ आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजींच्या तोंडी जी अहिराणी आहे तिची सर त्यांना नाही. तरीपण ज्या बोलीला लाज वाटत होती तिला आधी ऐट येऊ द्यावी, निवड मागाहून होते, असे मला वाटते.

बोलीची ऐट आली की तिचे वादही येतात. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या सदराखाली सुमारे साडेअठरा लाख लोकांनी आपली भाषा नोंदवली. यावरून फोनवर रोज नवे रण. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? बागलाणची खरी की धुळ्याची? आणि हमखास पेटणारा विषय म्हणजे बहिणाबाई चौधरी. त्यांची गाणी अहिराणी म्हणून कोणी अभिमानाने टाकतो आणि लगेच जळगावकडचा कोणीतरी बजावतो की ती लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. भाषेच्या दृष्टीने दुसऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. पण हा वाद आमच्या चर्चासत्रांत पन्नास माणसे जांभया देत ऐकतात आणि इथे ट्रॅक्टर चालवणारी मुले त्यावर रात्री बारापर्यंत भांडतात, याचा मला मत्सर वाटला. मी त्यांना ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीची गोष्ट सांगितली. १९०७ साली छापलेल्या त्या भागात खानदेशी ही मराठीच्या खंडात नाही. भिल्ली बोली, लमाणांची बोली आणि बहुरूप्यांची बोली यांच्या शेजारी ती बसवली आहे. ‘म्हणजे आम्ही फिरत्यांच्या पंगतीत,’ विद्यार्थी हसून म्हणाला. आणि एकाएकी गप्प झाला.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘मॅडम, उद्या शेलबारीकडून जाऊ. पिंपळनेरपर्यंत.’

सकाळी निघालो. जायखेडा, ताहाराबाद आणि मग शेलबारीचा घाट. पलीकडे धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. ही वाट फार जुनी. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जात असे. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात या रस्त्यावरचे मुक्काम दिले आहेत. त्यात नवापूर येते, पिंपळनेर येते आणि त्याच्या पुढचा मुक्काम आहे ‘निंपूर’. माझ्या मते ते आपले नामपूरच. म्हणजे निदान साडेतीनशे वर्षे या वाटेने बैलांचे तांडे, व्यापारी, फकीर, गोसावी जात आहेत आणि त्यांच्याबरोबर बातम्या जात आहेत.

पिंपळनेरच्या जवळ एक फाटा दाखवून विद्यार्थी म्हणाला, ‘इकडं राईनपाडा.’ गाडी त्याने वळवली नाही, मीही सुचवले नाही. त्या आदिवासी गावात गेल्या काही वर्षांत बघे पुष्कळ येऊन गेले.

१ जुलै २०१८ चा रविवार. राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. पिंपळनेरला पाल ठोकून राहिलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण भिक्षा मागायला तिथे गेले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची ही माणसे. एका लहान मुलीशी त्यांच्यातला कोणी बोलताना दिसला म्हणे. मुले पळवणारी टोळी आली, अशी ओरड झाली. जमावाने त्यांना मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथे पाचहीजणांचा जीव घेतला. ज्यांच्या हातात फोन होते त्यांनी चित्रणही केले आणि तेही फिरले. त्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबाला, कडेवरच्या मुलासकट, जमावाने घेरले होते. पोलिसांनी त्यांना वेळीच सोडवले, म्हणून ते वाचले.

मालेगाव नामपूरच्या एका अंगाला, राईनपाडा दुसऱ्या. दोन्हीकडे एकाच दिवशी एकच भीती कशी पोचली, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. त्या मे-जूनमध्ये देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात. ती पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती आणि मूळ चित्रफितीच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तो शेवट कोणीतरी कापला होता. सीरियात २०१३ मध्ये विषारी वायूने मेलेल्या मुलांची चित्रेही, अवयव काढून घेतलेली मुले म्हणून, फिरवली गेली.

‘आमच्या ग्रुपवर पण आलं होतं,’ विद्यार्थी समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. ‘मी पुढं पाठवलं. बहिणीला, मामाला, शाळेच्या ग्रुपवर. वर लिहिलं, सावध राहा. वाईट काय त्यात, असं वाटलं.’

मी काही बोलले नाही. त्या निरोपांचा मजकूर साधारण कसा असे तो मला त्याने सांगितला: मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, काळजी घ्या, जास्तीत जास्त लोकांना कळवा. मी आयुष्यभर व्याकरण शिकवते, म्हणून माझे लक्ष भलतीकडेच गेले. या वाक्यांत पाहणारा कोणी नाही. कोणी पाहिली टोळी? कुठल्या फाट्यावर? कोण सांगतो? ‘आपला भाग’ नामपूरलाही आपला आणि तिकडे आसामातही आपलाच. बाजारात बातमी आली की तिला एक तोंड असे. ‘अमक्याच्या मेहुण्याने सांगितले’ एवढी तरी तिची शेपटी असे आणि ती धरून मागे जाता येई. खोटी निघाली तर पुढच्या बाजाराला मेहुणा सापडे. हा निरोप मात्र जवळच्या माणसाच्या नावाने येतो, मामाचा म्हणून येतो, त्यामुळे खरा वाटतो. आणि मामाला तो कोठून आला हे मामालाही ठाऊक नसते.

अफवेला फोन लागतोच असे नाही. फ्रान्समधल्या ऑर्लेआं गावात १९६९ साली कपड्यांच्या दुकानांतून तरुण मुली नाहीशा होतात अशी आवई उठली होती. एकही मुलगी नाहीशी झालेली नव्हती, वर्तमानपत्रात एक ओळ आलेली नव्हती. एद्गार मोरँ या समाजशास्त्रज्ञाने त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागला, तेव्हा आपल्यातले कितीतरी सुशिक्षित लोक वाटी-चमचा घेऊन रांगेत उभे होतेच. तेव्हा साध्या टेलिफोनवर काम भागले. पण ती अफवा दिवसभरात आटोपली. ही महिनाभर खिशात बसून होती, रोज थोडी थोडी तापत होती.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण येऊ लागली आणि त्याच जुलैत भारतापुरती, एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविरुद्ध सरकारांना निर्देश दिले. हे सगळे झाले ते चांगलेच झाले. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. डवरी गोसावी हा आपल्याकडचा जुना बातमीदार. भगवी वस्त्रे, खांद्याला झोळी, हातात डमरू. नाथांची गाणी म्हणत हंगामानंतर गावोगाव फिरणारा. नामपूरच्या आजींना मी आदल्या रात्री विचारले होते, तेव्हा त्यांनी सांगितले की सुगीनंतर नाथबाबा येत, पलीकडच्या गावात लेकीला दिवस गेल्याचे तेच सांगत, कोणत्या गावात पटकीची साथ आहे तेही तेच सांगत. त्याला पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा उभे राहायचे असे, त्यामुळे तो बातमी जपून सांगे. पुढे बातमी त्याच्यावाचून येऊ लागली. मग दारात तो उभा राहिला की पोरांना ‘हा कोण?’ एवढेच दिसू लागले. ज्या मुलखात पहिला प्रश्न ‘कोनता गावना?’ हा असतो, त्या मुलखात त्या रविवारी तो प्रश्न विचारायलाही कोणी थांबले नाही.

परतीच्या वाटेवर ताहाराबादच्या स्टँडवर जिभाऊ भेटायचे होते. त्यांना तिथे डाळिंबाच्या रोपांचे काम होते. ते एका टपरीपाशी बसले होते. आम्ही चहा सांगितला तेवढ्यात भगव्या कफनीतला एक प्रौढ माणूस समोर येऊन उभा राहिला. डमरूला त्याने हात लावला नाही. आधी झोळीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड काढले, त्याखालची पोलीस ठाण्याचा शिक्का असलेली झेरॉक्स काढली आणि दोन्ही आमच्यापुढे धरली. हे तो इतक्या सराईतपणे करत होता की टपरीवाल्याने वर पाहिलेही नाही.

जिभाऊंनी कागद घेतले नाहीत. म्हणाले, ‘कोनता गावना शेतस बाबा?’

तो सांगलीकडचा निघाला. पण उत्तर त्याने अहिराणीतच दिले. लहानपणी बापाबरोबर या भागात येत असे, नामपूरला नदीकाठी पाल पडे. कुठल्या झाडाखाली ते त्याने सांगितले. ते झाड रस्ता रुंद करताना गेले, हे जिभाऊंनी सांगितले. मग बापाचे नाव निघाले, जिभाऊंच्या वडिलांचे निघाले. कोणत्या वर्षी मोसमेला पूर आला होता यावर दोघांचा थोडा वाद झाला. चहा त्यानेही घेतला.

विद्यार्थ्याने फोन काढला आणि त्याच्याकडे रोखला. जिभाऊंनी मुलाचा हात खाली केला. ‘आधी इचार त्याले.’

मुलाने विचारले. गोसावी जरा विचारात पडला. मग म्हणाला, काढा, पण नुसता उभा असताना नको, वाजवताना काढा. आणि कागद पुन्हा पिशवीत गुंडाळून, झोळीत नीट ठेवून, त्याने डमरू हातात घेतला.